जंतूंची देवाणघेवाण

सर्दी-पडसे झाले की औषधाच्या दुकानातून दोन-चार कॅप्सूल आणायच्या, बरे वाटले की उरलेल्या फडताळात ठेवायच्या, ही पद्धत सेलूत घरोघरी आहे. यात नफा-नुकसान काय ते आपले एकट्याचे, असा समज असतो. तो चुकीचा आहे.

जंतूंचे गुण केवळ पिढीजात नसतात. ते शेजाऱ्याकडूनही मिळतात. १९४६ साली अमेरिकेत लेडरबर्ग व टेटम यांनी हे दाखवून दिले. अनेक जंतूंत मुख्य गुणसूत्राखेरीज 'प्लाझ्मिड' नावाची छोटी कडी असते. दोन जंतू एकमेकांना चिकटले की तिची नक्कल एकाकडून दुसऱ्याकडे जाते. शेजारणीला लोणच्याची कृती सांगितली म्हणून आपली हरवत नाही, तसेच हे. यात जातीचे बंधनही फारसे नाही. आतड्यातला निरुपद्रवी जंतू रोगजंतूला ही कडी देऊ शकतो, आणि एकाच कडीवर अनेक औषधांना दाद न देण्याचे गुण असू शकतात.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात २००९ साली 'कार्बापेनेम' या राखीव औषधांना न जुमानणारे २४ जंतू तपासले, तेव्हा २२ जंतूंत एनडीएम-१ हे जनुक आढळले. हे जंतू एकाच जातीचे नव्हते.

अँटिबायोटिक जंतूंना हा गुण शिकवीत नाही. ते दुबळे जंतू मारते. कडीवाले उरतात, मोकळ्या जागेत वाढतात व कडी वाटत सुटतात. म्हणून धडधाकट माणसाने विनाकारण घेतलेली कॅप्सूल उद्या त्याच्याच घरातील तान्ह्या बाळाला नडू शकते.

२०१४ पासून अनेक अँटिबायोटिकांच्या विक्रीची नोंद ठेवणे दुकानदारांना बंधनकारक आहे. पण कायदा फडताळापर्यंत पोचत नाही. "डॉक्टरसाहेब, ताकदीची गोळी द्या," या आग्रहाला नाही म्हणण्याचे धैर्य आम्हा डॉक्टरांनीही दाखवावयास हवे.

वाचकहो, सर्दी विषाणूंमुळे होते. तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. साध्या पाण्यासारख्या जुलाबांत जलसंजीवनी हेच खरे औषध. शौचात रक्त, जोराचा ताप किंवा लघवी कमी होणे दिसल्यास मात्र त्वरित डॉक्टरांना दाखवा. दिलेले औषध सांगितलेले दिवस घ्या, मनाने थांबवू नका आणि शेजाऱ्याला तर मुळीच देऊ नका. वाटून घेण्याचे काम जंतू आधीच करीत आहेत!