यंत्रमानव घरात घेण्याआधी

अमेरिकेतल्या 'वनएक्स' कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये 'निओ' या घरकाम करणाऱ्या, माणसासारख्या हातापायांच्या यंत्रमानवाची आगाऊ नोंदणी सुरू केली. किंमत तेव्हा २० हजार डॉलर, म्हणजे सतरा-अठरा लाख रुपये होती. नागपूरजवळच्या कोराडीत, वीज केंद्राच्या क्वार्टरांत, तो उद्या दिसणार नाही, हे खरे. पण यंत्र स्वस्त व्हायला फार वर्षे लागत नाहीत, आणि कायदा मात्र आपल्याकडे नेहमीच उशिरा पोहोचतो.

१. या यंत्राला जे काम जमत नाही, ते कंपनीचा माणूस दूर बसून, त्याच्याच कॅमेऱ्यातून आपले घर पाहत करून देतो. हे कंपनी स्वतःच सांगते. म्हणजे नोकर यंत्र आणि डोळे अनोळखी माणसाचे! दुसऱ्या एका कंपनीच्या चाचणीतल्या झाडू मारणाऱ्या यंत्रांनी टिपलेली घरातली खासगी छायाचित्रे, शौचालयात बसलेल्या एका स्त्रीच्या छायाचित्रासह, समाजमाध्यमांवर पोहोचल्याचे २०२२ मध्ये उघड झाले. ज्या घरात आपण शेजाऱ्यालाही दार वाजवल्याशिवाय येऊ देत नाही, तिथे हा परका डोळा कोणाच्या परवानगीने शिरणार?

२. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. पण एखाद्याने घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. मग घरमालकाच्या यंत्राने भांडी घासणाऱ्या बाईचे चित्रण केले, तर तिने दाद कुठे मागायची? तिला कोणी विचारलेच नाही, तर ती संमती कसली?

३. आता सर्वांत महत्त्वाचे. सकाळी घरचा डबा करून निघायचे, एकामागून एक घरांतली धुणीभांडी, केर-फरशी उरकायची, आजारी पडले की खाडा, आणि चहाचा कप वेगळा. घरकामगार बायांचे हे जिणे आपल्याला नवे नाही. पुण्यात मोलकरणींनी १९८० मध्ये संप केला. नागपुरात विदर्भ मोलकरीण संघटनेने वर्षानुवर्षे लढा दिला. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २०११ मध्ये झाला तेव्हा भारताने बाजूने मत दिले, मान्यता मात्र अजून दिलेली नाही. त्यांच्यासाठी देशपातळीवर कायदा करण्याचा विचार करा, असे सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी २०२५ मध्ये केंद्राला सांगावे लागले. आणि त्याच वर्षी तमिळनाडूतल्या करूरमध्ये कामगार डोक्याला कॅमेरा लावून टॉवेलच्या घड्या पुन्हा पुन्हा घालत होते, कारण परदेशातल्या यंत्रांना हाताची हालचाल शिकवायची होती. ज्या हातांचे कसब यंत्र उचलते, त्या हातांना त्यातला वाटा नको का? माणसाला किमान वेतन द्यायला कां-कूं करणारा समाज यंत्रासाठी लाखो मोजणार असेल, तर ती प्रगती नव्हे, अन्याय आहे.

४. यंत्राच्या हातून म्हातारी आजी पडली, तर जबाबदार कोण? मालक, कंपनी, की दूर बसलेला तो चालक? कागदावर आधी ठरले नाही, तर तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतील.

५. लाभ एकीकडे आणि भार दुसरीकडे म्हणजे काय, हे कोराडीकरांना कोणी शिकवायला नको. इथे १९७४ पासून वीज तयार होते, आज ६६० मेगावॅटचे तीन संच चालतात. दिवे राज्यभर लागतात, राख इथेच राहते. जुलै २०२२ मध्ये याच केंद्राचा खसाळ्यातला राख बंधारा फुटला, तेव्हा राखेचे पाणी शेतात कोणाच्या शिरले? नुकसान आधी आणि नियम नंतर, हा क्रम घरातल्या यंत्रांच्या बाबतीत आपण पुन्हा सोसायचा का?

म्हणून कोराडी-महादुल्यातल्या प्रत्येक कुटुंबाला विनंती आहे. आपल्याकडे येणाऱ्या बाईची कल्याण मंडळात नोंदणी झाली आहे का, हे याच आठवड्यात विचारा. नसेल, तर तिच्यासोबत जाऊन ती करून द्या. घरात कॅमेरा असेल, तर तिला सांगा आणि तिने नको म्हटले तर तो बंद ठेवा. आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा : घरकामगारांचा कायदा कधी करणार?