आपल्या लेकरांनी नाट्यलेखनही शिकावे

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांतून ठरावीक प्रश्न विचारले जातात : इंजिनिअरिंग, नर्सिंग, डी.एड. की स्पर्धा परीक्षा? देऊळगाव राजा परिसरात कोरडवाहू शेतीवर आणि मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाने पोटाचा विचार आधी करावा, यात गैर काहीच नाही. परंतु एखाद्या मुलीने ‘मला नाटक लिहायला शिकायचे आहे, त्यातच एम.ए. करायचे आहे’ असे म्हटले, तर आपण ते हसण्यावारी नेतो. ते तसे नेऊ नये, असे आमचे मत आहे.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. गरोदर कुणबी बाई, तिचा नवरा, ग्रहदशेचे भय घालून त्यांना नागवणारा जोशी आणि अखेरीस शाळेची वाट धरणारे ते जोडपे, असा त्याचा विषय. जोतीरावांनी ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले. कमिटीने ते स्वीकारले नाही; कमिटीतील भट सभासदांना त्यांनी त्याचा दोष दिला. पुढे शंभरहून अधिक वर्षे ते नाटक अप्रकाशित राहिले. लिहिणारा समर्थ होता. पारखणाऱ्यांत त्याच्या बाजूचे बळ नव्हते.

लिहिणारे आपल्यात पुढेही झाले. भीमराव कर्डक आदींच्या जलशांनी बाबासाहेबांचा विचार अक्षरओळख नसलेल्या माणसांपर्यंत नेला. प्रा. म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ मिलिंद महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी खुद्द बाबासाहेबांसमोर सादर केले. दत्ता भगत यांचे ‘वाटा-पळवाटा’, प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ आणि ‘किरवंत’ मराठी रंगभूमीला टाळता आली नाहीत. २०१९ च्या नागपूर नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद गज्वींकडे आले.

यावर कोणी म्हणेल, लेखन काय वर्गात शिकवता येते? आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातील जांबसमर्थचे राजकुमार तांगडे शेती करता करता नाटककार झाले आणि त्यांचे ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ महाराष्ट्रभर गाजले. हे खरेच आहे. पदवीने प्रतिभा येत नाही. परंतु पदवीच्या दोन वर्षांत जे मिळते, ते वस्तीत सहजी मिळत नाही : वाचायला देशोदेशीची नाटके, लिहिलेला प्रवेश उभा करून पाहायला नट आणि रंगमंच, ‘हा संवाद तोंडात बसत नाही’ असे स्पष्ट सांगणारा गुरू, आणि पुन्हा लिहिण्यासाठी निवांत वेळ. शिवाय पुढे प्राध्यापक, परीक्षक, अभ्यासमंडळाचे सदस्य होण्याची वाटही तेथूनच जाते. जोतीरावांच्या वेळी जी जागा आपल्यासाठी बंद होती, ती हीच.

बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, त्या काळी ब्रँडर मॅथ्यूज तेथे नाट्यवाङ्मयाचे प्राध्यापक होते. आज त्याच विद्यापीठात लिन नॉटेज ही कृष्णवर्णीय लेखिका नाट्यलेखन शिकवते. तिने स्वतः येल विद्यापीठात नाट्यलेखनाचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि पुढे दोनदा पुलित्झर पारितोषिक मिळविले. गुलामगिरीचा वारसा असलेल्या समाजाने ही विद्या ऐषआरामाची मानली नाही.

आपल्याला इतके दूर जाण्याचेही कारण नाही. जालना ओलांडले की बाबासाहेबांच्याच नावाचे मराठवाडा विद्यापीठ आहे. तेथे १९७३ पासून नाट्यशास्त्र विभाग आहे. पुण्यात ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठात अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती केवळ इंजिनिअर-डॉक्टरांसाठी नाही. या पदवीने नोकरीची हमी मिळत नाही, हे मात्र पालकांपासून लपवू नये. नेट-सेटची तयारी, मालिका-चित्रपटांचे लेखन, शाळांतील नाट्यशिक्षण असे मार्ग आहेत. पण ते चढाचे आहेत.

म्हणूनच हा भार एकट्या कुटुंबावर टाकू नये. या निवासी शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी एक तरी नाटिका विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेली असावी. त्यांतून ज्याच्या वा जिच्या हाती लेखणी चालते असे दिसेल, त्या एका विद्यार्थ्याच्या एम.ए.च्या दोन वर्षांचा खोलीभाडे, खानावळ आणि पुस्तकांचा खर्च माजी विद्यार्थ्यांनी मिळून उचलावा. जयंतीच्या वर्गणीतील थोडा वाटा याकडे वळविला, तर जयंतीची शोभा कमी होणार नाही. आपल्या वस्तीची गोष्ट आपल्याच लेकराने लिहावी आणि ती निवडणाऱ्यांतही आपले लेकरू असावे, एवढीच आमची मागणी आहे.