चाळींतील सड आणि आपला हात

उन्हाळी कांदा चाळींत भरून दोन-तीन महिने लोटले, पावसाळी हवेबरोबर सडका वास सुटूं लागला, म्हणजे आपण दोष देतों तो हवेस, बियाण्यास, आणि आणखी कोणी न उरल्यास सरकारास. हे तिन्ही दोष अगदींच खोटे आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्या सडीचा कांहीं भाग काढणीच्या दिवशींच, आपल्याच शेतांत व आपल्याच ट्रॉलींत तयार होतो, हें उघड बोललें पाहिजे.

बटाट्यास खरचटलें तर ऊब व दमटपणा मिळतांच थोड्या दिवसांत त्या जागीं बुचासारखा थर धरतो व जखम भरून येते. कांद्यास ही सोय नाहीं. त्याचें सारें संरक्षण म्हणजे वरचे वाळलेले पदर व नीट सुकून मिटलेली मान. पाटी उंचावरून ओतली म्हणजे वरची साल शाबूत दिसते, पण आंतला रसाळ पदर ठेंचला जातो. तो डाग त्या दिवशीं कोणासही दिसत नाहीं. पुढें तेथेंच काळी बुरशी किंवा कुजविणारे जंतु शिरतात, आणि एका कांद्याचें पाणी शेजारच्यांवर उतरतें. मार लागलेल्या कांद्याचा श्वासोच्छ्वासही वाढतो. म्हणून जो सडत नाहीं तोही वजनांत घटतो.

हेच आपले बंधु द्राक्षाच्या बागेंत कसे वागतात पहा. घड देठास धरावा, मण्यांवरील पांढुरकी झांक बोटानें पुसूं नये, क्रेटमध्यें कागद घालावा, हें पिंपळगांव-दिंडोरीकडील पोरासही सांगावें लागत नाहीं. तोच मनुष्य एप्रिलांत कांद्याच्या ढिगावर बसून घरीं येतो!

मजुरांस नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. काढणी व पात कापणें आपण एकराच्या हिशेबानें उक्तें देतों; म्हणजे घाईबद्दल पैसे मोजतों आणि हळुवारपणाबद्दल एक पैही देत नाहीं. चाळींत जाणाऱ्या मालापुरती तरी मजुरी रोजानें द्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. यावर कोणी म्हणेल, वळीव डोक्यावर असतां एवढा सोस कोणास परवडणार? शंका रास्त आहे. म्हणूनच सर्व मालास हा नियम लावूं नये. जो कांदा तसाच लासलगांवच्या लिलावास जावयाचा तो जुन्या रीतीनें जाऊं द्यावा. ती ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामी व्हावयाचीच आहे. ठेवणीचा माल मात्र शेतांतच वेगळा काढावा.

त्यासाठीं करावयाचें फार नाहीं. काढणीपूर्वीं 10-15 दिवस पाणी तोडावें. उपटलेला कांदा पातीनें झांकून 3-5 दिवस शेतांत सुकवावा, मग मान सुमारें 1 इंच राखून पात कापावी व 10-12 दिवस सावलींत पोळ करून ठेवावा. ट्रॉलीच्या तळाशीं गोणपाट टाकावें, पाटी ढिगास टेकवून रिती करावी, आणि भरलेल्या मालावर कोणासही बसूं देऊं नये. चाळींत थर 4-5 फुटांपेक्षां उंच नेऊं नये. वरच्या भारानें तळचा कांदा चेपतो.

ज्यास हें पटत नसेल त्यानें येत्या हंगामांत एकाच शेतांतील, एकाच दिवशीं काढलेल्या कांद्याचे दोन क्रेट बाजूस ठेवावे. एक हातानें भरावा, दुसऱ्यांतील कांदा आधीं डोक्याच्या उंचीवरून जमिनीवर ओतून मग भरावा. दोहोंचें वजन चाळीच्या दारावर खडूनें लिहावें, आणि पोळ्याच्या दिवशीं सडका कांदा निवडून काढून उरलेला पुन्हां तोलावा.