नवा कॅमेरा, की जुन्या कॅसेटी?

मैत्रिणींनो, दिवाळी आणि पाठोपाठ लग्नसराई आली की अनेक घरांत एक विषय हमखास निघतो. "तो कॅसेटवाला कॅमेरा आता पुरे, नवा डिजिटल व्हिडिओ कॅमेरा घेऊन टाकू!" यजमान उत्साहात, मुलं तर मनाने दुकानात पोचलेलीच! हिशेब मात्र आपल्यालाच करायचा असतो.

आधी गरज पाहा. वाढदिवस, डोहाळजेवण, घरातल्या गमतीजमती एवढंच टिपायचं असेल, तर चांगला मोबाईल पुरतो. मात्र शाळेच्या स्नेहसंमेलनात मी दरवर्षी पाहते, मागच्या रांगेतून मोबाईलवर घेतलेलं मूल ठिपक्याएवढं दिसतं. मोबाईल ठरावीक मर्यादेपलीकडे नुसतं चित्र ताणतो. व्हिडिओ कॅमेऱ्याचं भिंगच दूरचं जवळ आणतं, कित्येकदा वीसपट किंवा अधिकही. तेव्हा नाच, नाटकं, सामने वरचेवर टिपणाऱ्यांनीच हा खर्च करावा.

पण पैसे बाजूला काढलेच असतील, तर त्यातला पहिला वाटा कपाटातल्या जुन्या कॅसेटींना द्या, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. कॅमेरा पुढच्या वर्षीही मिळेल, कॅसेट चालवणारं यंत्र मिळेलच असं नाही. जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ साली व्ही.सी.आर. बनवणं थांबवलं. त्यात आपल्याकडचा पावसाळा! दमट हवेत फितीला बुरशी लागते.

आमच्या सासूबाई आज नाहीत. ह्यांच्या मुंजीत त्यांनी म्हटलेली मंगलाष्टकं एका व्ही.एच.एस. कॅसेटमध्ये आहेत, त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. म्हणून आम्ही ती कॅसेट आधी उतरवून घेतली, कॅमेऱ्याचं पुढे पाहू म्हटलं.

कॅसेटी उतरवून घेताना एवढं लक्षात ठेवा :

१. फितीवर पांढरे डाग दिसले, तर ती यंत्रात घालू नका. यंत्र बिघडेल आणि बुरशी दुसऱ्या कॅसेटींनाही लागेल. जाणकाराकडेच द्या.

२. व्ही.एच.एस. कॅसेटच्या कडेची छोटी पट्टी तोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही.

३. तीन तासांची कॅसेट उतरवायला साधारण तीन तासच लागतात. दुकानदाराला घाई करू नका, भाव मात्र आधी ठरवा.

४. "फोर-के करून देतो" या आमिषाला जादा पैसे मोजू नका. मुळात नसलेला बारकावा नंतर येत नाही.

५. मिनी-डी.व्ही.ची एका तासाची कॅसेट जशीच्या तशी उतरवली, तर सुमारे १३ जी.बी. जागा लागते. त्या अंदाजाने हार्ड डिस्क घ्या. एक प्रत घरी आणि एक माहेरी किंवा नणंदेकडे ठेवा.

६. काम झालं तरी मूळ कॅसेटी टाकू नका. पूर्ण गुंडाळून, उभ्या आणि कोरड्या जागी ठेवा.

तेव्हा यंदा दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरचा तो खोका रद्दीवाल्याला देण्याआधी उघडून पाहा. कोणत्या कॅसेटमध्ये कोण आहे, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून चिठ्ठ्या लावा. ते सांगणारी माणसं जवळ आहेत, तोवरच हे काम होण्यासारखं आहे.