शेगावचं आनंद सागर: बाग बदलली, पण लोकांना जुनीच का हवी आहे?

धाडहून शेगावला जायचं तर आधी बुलढाणा, मग बोथ्याच्या जंगलातून घाट उतरून खामगाव आणि पुढे शेगाव. म्हणजे डोंगरावरून थेट पूर्णेच्या सपाटीवर. बुलढाणा जिल्ह्यातल्या गावोगावच्या शाळांच्या सहली या वाटेनं गेल्या आहेत. सकाळी गजानन महाराजांचं दर्शन, दुपारी महाप्रसाद आणि मग पोरं ज्याची वाट पाहत असायची ते आनंद सागर.

श्री गजानन महाराज संस्थाननं या शतकाच्या सुरुवातीला उभारलेलं हे उद्यान विदर्भात नावाजलेलं होतं. मधोमध मोठा तलाव, तलावातल्या बेटावर कन्याकुमारीच्या विवेकानंद स्मारकाची आठवण करून देणारं ध्यान केंद्र, झुलता पूल, मत्स्यालय, संगीतावर नाचणारं कारंजं आणि सगळ्या बागेला फेरी मारणारी छोटी रेल्वे. मुंबई-पुण्याच्या मुलांना यात फारसं नवल वाटलं नसतं. पण ज्या गावातून जवळचं थिएटर गाठायलाही एसटी पकडावी लागते, तिथल्या मुलांसाठी ही पहिली आणि बऱ्याचदा एकमेव 'मोठी' बाग होती.

मग हे उद्यान बंद झालं आणि काही वर्षं बंदच राहिलं. पुढे त्याचा काही भाग पुन्हा खुला झाला, पण भर अध्यात्म आणि ध्यानावर होता. जुन्या सहलीतलं आनंद सागर मात्र परत आलं नाही.

बंद होण्यामागचं एक मोठं कारण होतं पाणी. शेगावचा परिसर खारपाण पट्ट्याला लागून आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या पट्ट्यात भूजल खारं आहे, त्यामुळे जमिनीखाली पाणी असूनही ते पिण्याला किंवा शेतीला धड चालत नाही. अशा ठिकाणी तलाव भरलेला ठेवायचा, कारंजी चालवायची आणि हिरवळ जगवायची, तर पाणी बाहेरून आणावं लागतं. जिल्ह्यात टँकर फिरत असताना हे किती काळ चालणार होतं? संस्थानचं मूळ काम पाहिलं, तर मंदिर, भक्तनिवास, रुग्णसेवा आणि 1983 पासूनचं अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्या तुलनेत बाग ही जोडीची गोष्ट होती. पाण्याचा मुद्दा खोडून काढणं अवघड आहे.

तरीही लोकांची हळहळ खोटी ठरत नाही.

माणसाला आयुष्यातल्या सगळ्या वर्षांच्या आठवणी सारख्या राहत नाहीत. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वात गडद असतात, असं स्मृतीचा अभ्यास करणारे सांगतात. जे पहिल्यांदा घडतं, ते जास्त टिकतं. त्यामुळे 'ती रेल्वे हवी होती' असं कुणी म्हणतं, तेव्हा मागणी रेल्वेची असतेच असं नाही. आपल्या मुलाला त्याच डब्यात बसवून 'मी इथंच बसलो होतो' म्हणायचं असतं. नवी रेल्वे कितीही चांगली असली, तरी हे वाक्य तिच्यात बसून म्हणता येत नाही.

हा काही फक्त वऱ्हाडी हळवेपणा नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डनं 1971 पासूनची कृत्रिम नदी आणि तिच्यावरची वाफेची बोट जुलै 2025 मध्ये बंद केली. तिथं 'कार्स' या सिनेमावर आधारलेला नवा भाग होणार आहे. नदीवर फार गर्दी नसायची, तरी शेवटच्या फेरीला लोक लांबून आले. पुण्यात पेशवे उद्यानातले प्राणी कात्रजला हलवले गेले, पण 1956 ची फुलराणी तिथंच राहिली. बाग बदलली तरी एक ओळखीची खूण शिल्लक राहिली की लोक बाकीचं बरंचसं पचवतात.

फरक पडतो तो मालकी कुणाची यानं. मुंबईची राणीची बाग महापालिकेची आहे. तिच्या कायापालटाचा आराखडा आला तेव्हा नागरिकांना जुन्या झाडांसाठी हरकत घेता आली, वारसा समितीपुढे विषय नेता आला आणि आराखडा बदलावाही लागला. पेंग्विन 2016 मध्ये आले, वादही झाला, पण तो उघड्यावर झाला. डिस्ने खासगी कंपनी आहे, तिथं प्रेक्षकाच्या हातात फक्त तिकीट असतं. आनंद सागरचं गणित या दोन्हींहून वेगळं. इथं येणारा ग्राहक नव्हता, भक्त होता. संस्थानकडे हक्कानं काही मागण्याची सवयच नसते. नाराजी असली तरी ती 'महाराजांची इच्छा' म्हणत मनातच राहते.

संस्थानचा कारभार अनेक दशकं सांभाळणारे शिवशंकरभाऊ पाटील 4 ऑगस्ट 2021 रोजी गेले. शिस्त, स्वच्छता आणि सेवेकऱ्यांची व्यवस्था यांचं श्रेय लोक त्यांनाच देतात, आणि आनंद सागरही त्यांच्याच नावाशी जोडतात. त्यामुळे बागेबद्दलची हळहळ आणि भाऊंची आठवण बऱ्याच घरांत एकाच वाक्यात येते.

कमी पाण्यात जमेल असं काही जुन्यातलं राखता येईल का, हा प्रश्न मात्र उरतोच. रेल्वेला तलाव लागत नाही. धाडकडच्या एखाद्या घरात शेगावला जायचं ठरलं की दर्शनाच्या रांगेची चौकशी होते, भक्तनिवासातल्या खोलीची होते, आणि मग कुणीतरी विचारतंच, "आनंद सागर चालू आहे का?"