घोंगडी नको, कचेरीत चला

नाताळ आला की चर्चची गाडी पाड्यावर येते, घोंगड्या वाटते, जाते. घोंगडीला ऊब असते, खोटं कशाला बोलू? पण आमचं शेत दाबणारा सावकार मिस्सेला पुढच्या बाकावर बसतो, त्याला कोण विचारतो?

फादर, तुमच्याच घरातली गोष्ट सांगतो. १८८५ साली बेल्जियमचे फादर लिव्हन्स छोटानागपुरात गेले. जमीनदार मुंडांकडून वेठ आणि वाढीव खंड उकळत होते. लिव्हन्सनी जमिनीचा कायदा शिकून घेतला, कोर्टात मुंडांची बाजू लढवली. १९०८ चा छोटानागपूर कूळकायदा बिरसाच्या उलगुलानानं आणला, हे आम्ही विसरणार नाही. पण तो घडवताना फादर हॉफमनचाही हात लागला. १९०९ ला त्यांनी पतपेढी काढली, सावकाराची पायरी चढायला नको म्हणून.

आमच्यात हिरव्या देवाला मानणारे आहेत, क्रुसापुढे मेणबत्ती लावणारेही आहेत. जमीन दोघांचीही गेली. आदिवासींच्या जमिनी परत करायचा कायदा १९७४ पासून आहे, तो कागदावरच झोपलाय. तारखेच्या दिवशी कचेरीत आमच्या शेजारी बसा. चर्चच्या बैठकीत सातबारा वाचा. घोंगडी दोन हिवाळ्यांत विरते. जमीन नातवंडांना पुरते.