आधी झाकण, मग भांडं

मालवण-तारकर्लीला जाऊन आलेल्या घरांत एक फोटो हमखास दिसतो. डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी, आजूबाजूला चार पट्टेवाले मासे आणि पुढे केलेला उभा अंगठा. पाणबुड्यांच्या खुणांच्या भाषेत उभ्या अंगठ्याचा अर्थ ‘मस्त’ असा नसून ‘मला वर जायचंय’ असा असतो, ही गंमत वेगळीच. हा फोटो बोटीवरच्या मुलाने काढलेला असतो. त्यात आपण असतो, पण आपण जे पाहिलं ते मात्र नसतं.

आता चित्र बदलतंय. चाळिशी ओलांडलेल्या बायका पोहायला शिकताहेत, काही जणी तारकर्लीला नाहीतर अंदमानला जाऊन स्कूबाचा रीतसर कोर्स करताहेत. आणि खाली जे दिसतं ते स्वतः टिपावं असंही त्यांना वाटू लागलंय. माझ्या ओळखीतल्या एकीने शिकवण्यांचे पैसे साठवून कॅमेरा घ्यायचं ठरवलं. दुकानात प्रश्न ती विचारत होती आणि उत्तरं तिच्या नवऱ्याला मिळत होती! मेगापिक्सेल किती, झूम किती, एवढंच. तुम्ही किती खोल जाणार, पाणी कुठलं, तुम्हाला टिपायचंय काय, हे कुणी विचारलंच नाही.

खरं तर निवड ठरते ती याच तीन प्रश्नांवर. आणि त्यांची उत्तरं पाण्यात उतरणारीलाच ठाऊक असतात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की हा कॅमेरा बाईने स्वतः निवडावा. ‘त्यातलं मला काय कळतं’ म्हणून ही निवड दुसऱ्यावर सोपवू नये. यात न कळण्यासारखं फारसं काही नाही.

पहिला प्रश्न खोलीचा. पाण्यात दर दहा मीटरला वातावरणाएवढा दाब वाढतो. दहा मीटरवर तो दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट. मोबाईल ‘वॉटरप्रूफ’ असल्याचं सांगतात ते साध्या, गोड्या पाण्यातल्या चाचणीच्या जोरावर. खाऱ्या पाण्यात बुडी मारण्यासाठी तो आकडा नसतो. ऑलिंपसची टफ मालिका आणि आता ओएम सिस्टिम या नावाने २०२३ मध्ये आलेला टीजी-७ हे छोटे कॅमेरे नुसतेच पंधरा मीटरपर्यंत चालतात. स्नॉर्केलिंगला किंवा पहिल्यावहिल्या बुडीला एवढं पुरतं. पण प्राथमिक कोर्स झालेल्यांना साधारण अठरा मीटरपर्यंत जाता येतं. म्हणजे कोर्स केला की कॅमेऱ्याची मर्यादा आपल्या मर्यादेच्या आत येते. तिथे हवं कवच, ज्याला ‘हाउसिंग’ म्हणतात. टीजी-७ ला कंपनीचंच पंचेचाळीस मीटरचं कवच मिळतं.

आता मुद्द्याचं बोलते. कवच हे त्या-त्या मॉडेलच्या बटणांच्या मापाने बनवलेलं असतं, एकाचं दुसऱ्याला सहसा बसत नाही. आपण बाजारातून आधी भांडं आणतो, मग त्यावर बसेल ते झाकण शोधतो. इथे उलटं करायचं. आधी झाकण मिळतंय का, त्याचे सुटे भाग मिळतात का, ते बघायचं आणि मग कॅमेऱ्याला हात लावायचा. छोटे कॅमेरे बनवणं कंपन्यांनी बरंच कमी केलंय. घरात पडून असलेल्या जुन्या कॅमेऱ्याला कवच मिळेलच असं नाही. शिवाय प्लास्टिकचं कवच परवडतं, पण ॲल्युमिनियमचं पुष्कळदा कॅमेऱ्यापेक्षा महाग असतं. सगळे पैसे कॅमेऱ्यावर उधळले की कवचाला आणि भिंगाला काही उरत नाही.

सोनीच्या आरएक्स-१०० सारख्या कॅमेऱ्यांचा सेन्सर मोठा, त्यामुळे कमी उजेडात फोटो सरस येतात, हे मान्य. पण ते स्वतः जलरोधक नाहीत. कवचात पाणी शिरलं की कॅमेरा गेलाच. टफ कॅमेऱ्याच्या कवचात कमी खोलीवर पाणी शिरलं तरी तो बहुधा वाचतो. पहिलाच कॅमेरा असेल आणि पैसे मोजून-मापून असतील, तर मी दुसऱ्याच्या बाजूने मत देईन. त्यात मेगापिक्सेल फक्त बाराच आहेत म्हणून नाक मुरडू नका. त्याला ‘रॉ’ म्हणजे न शिजवलेला, कोरडा शिधा दिल्यासारखा फोटो काढता येतो. रंगांची फोडणी घरी येऊन निवांत देता येते.

रंगांचं महत्त्व पाण्याखाली फार. पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. पाच-सहा मीटरवर लाल जवळजवळ संपतो, पुढे नारिंगी, मग पिवळा. म्हणून हौशी फोटो निळे-हिरवे, आजारी दिसतात. यावर उपाय दोन. कॅमेऱ्याला खाली गेल्यावर पांढरी पाटी दाखवून ‘हे पांढरं’ असं शिकवता येतं. ती सोय आहे का, हे दुकानात विचाराच. नाहीतर सोबत दिवा न्यायचा, पण तो कॅमेऱ्यापासून बाजूला, दांडीवर हवा. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश मारला की पाण्यातला प्रत्येक कण चमकतो. धुक्यात घाट उतरताना गाडीचे मोठे दिवे लावल्यावर जसं होतं, अगदी तसं.

उरला प्रश्न भिंगाचा, आणि तो पाण्यावर ठरतो. पाण्याखाली वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात, त्यामुळे कवचाच्या सपाट काचेतून दृश्य आक्रसतं. ते पुन्हा रुंद करणारं भिंग कवचाच्या बाहेरून बसवता येतं आणि पाण्यातच काढता-घालताही येतं. मात्र बसवल्यावर मधली हवा निघून गेली पाहिजे. अंदमान-लक्षद्वीपच्या नितळ पाण्यात प्रवाळाची अख्खी बाग किंवा कासव जवळ जाऊन टिपायचं, तर हे रुंद भिंग घ्यावं. आपलं कोकणचं पाणी मात्र बऱ्याचदा गढूळ, काही मीटरपलीकडे धूसर. तिथे लांबचं दृश्य टिपण्याचा हट्ट व्यर्थ. तिथे जवळ जावं, लहान बघावं. इवलीशी समुद्री गोगलगाय, खडकाच्या फटीतला खेकडा, समुद्रफुलाचे हलते हात. त्यासाठी जवळून टिपणारं भिंग लागतं. टफमध्ये ती सोय मुळातच आहे, म्हणजे तो खर्चही वाचला. झूम विसरा. कॅमेरा आणि विषय यांच्यामध्ये जितकं पाणी कमी, तितका फोटो चांगला.

आणि ती ओ-रिंग! कुकरच्या झाकणातल्या रिंगेची ही धाकटी बहीण. तिच्यावर एक केस, वाळूचा एक कण राहिला की पाणी आत आलंच. रोज कुकर लावणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. आधी रिकामं कवच आत कागदी रुमाल घालून बुडवून बघायचं. कागद कोरडा राहिला तरच कॅमेरा आत. आत सिलिका जेलची पुडी टाकायची, म्हणजे काचेवर वाफ धरत नाही. बुडीनंतर सगळं गोड्या पाण्यात भिजवून ठेवायचं. मीठ सुकलं की बटणं अडकतात.

एक अट मात्र मी सगळ्या यादीच्या वर ठेवेन. पाण्यात स्वतःचा तोल सांभाळता येईपर्यंत कॅमेरा हातात घेऊ नये. तोल गेला की माणूस आधार शोधतो, आणि खाली आधार असतो तो जिवंत प्रवाळाचा. काही प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. आपल्या एका लाथेने कित्येक वर्षांची वाढ मोडते. प्रवाळ आणि समुद्रघोडा यांना आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. मालवणचा सागरी भाग तर १९८७ पासून अभयारण्य आहे. फोटोसाठी प्राण्याला हलवायचं नाही, हात लावायचा नाही. नसेल मिळत फोटो, तर नुसतं बघून यावं.

‘एवढा खर्च कशाला?’ हा प्रश्न येणारच. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण बाईच्या हौसेचा हिशेब सगळे मागतात. मागू देत. आपल्याकडे हिशेब तयार असावा : किती खोल, कुठलं पाणी, काय बघायचंय, झाकण आधी आणि भांडं नंतर. एवढं ज्या बाईला नेमकं सांगता येतं, तिच्याशी दुकानदारालाही मग सरळ तिच्याकडे बघूनच बोलावं लागतं.